जॉनीचा कॅमेरा आणि सुलक्षणाचा डावा पाय

मी गिरणीच्या संघातून धावायचो तेव्हा माझी सावली मागे पडायची आणि संध्याकाळी पत्ता विचारत घरी यायची. हे खोटं वाटलं तर वाटू दे. पुढचं मात्र अक्षर न् अक्षर खरं.

सत्त्याऐंशी साली शेजारच्या गुणाजीची पोर सुलक्षणा आठशे मीटर धावायची आणि मी तिला शिकवायचो. रेल्वेत खेळाडूंच्या जागेसाठी चाचणी तीन आठवड्यांवर आलेली. नोकरी लागली तर ठीक, नाहीतर धावणं बंद आणि लग्न, असं गुणाजीने सांगून ठेवलेलं. आणि पोरगी नेमकी शेवटच्या शंभर मीटरला ढेपाळायची. मला वाटायचं, डावा पाय बाहेर फेकते. पण नुसत्या डोळ्यांना ते पकडता येईना.

म्हणून मरोळ गावठाणातल्या जॉनीला गाठलं. तो लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. रविवारी मैदानावर आला, पोरगी धावली, तिच्या बाजूने हाही धावला. दुपारी त्याच्या घरी टीव्हीसमोर बसलो, तर आठशेच्या आठशे मीटर सुलक्षणाचा चेहरा. घाम, टिकली, विस्कटलेले केस. पाय औषधालाही नाहीत.

"जॉनी, पाय कुठायत रे?"

"लग्नात पाय कोण बघतो, काका? शंभर लग्नं केली, एका नवरीची तक्रार नाही."

पुढच्या रविवारी त्याने पाय घेतले. पण एकदा समोरून, एकदा मागून, मध्येच इतके जवळून की चपलांची जाहिरात वाटावी. टेप थांबवली की चित्र थरथरायचं आणि पांढरा पट्टा बरोब्बर घोट्यांवर. पहिल्यांदा बघून मी म्हटलं, डावा. दुसऱ्यांदा, उजवा. तिसऱ्यांदा, दोन्ही.

"अजून एकदा बघा काका," सुलक्षणा म्हणाली, "तिसरा पाय सापडेल."

मी इतका तापलो की बशीतला चहा पुन्हा उकळला.

आठवडाच उरला होता. बुधवारी कॅमेरा स्टँडवर लावला, कंबरेएवढा उंच, शेवटच्या शंभर मीटरच्या मधोमध. स्टँडच्या पायांभोवती चुन्याच्या खुणा केल्या. "आता तू हललास तर बघ," मी जॉनीला बजावलं. तो खिशात हात घालून लग्नघरातून हाकलल्यासारखा उभा. सुलक्षणा दम घेत घेत चार वेळा धावली, चारही वेळा एकाच वेगाने. मग टेप बघून तिघांनी आपापल्या कागदावर दोष लिहायचा, एकमेकांना न दाखवता.

मी लिहिलं, मान. जॉनीने लिहिलं, खांदा. सुलक्षणाने लिहिलं, काका.

"हा काय चावटपणा?"

तिने टेप मागे नेली. चौकटीच्या कडेला, हातात घड्याळ घेऊन, मी नाचत होतो. "पाय बघ, पाय" म्हणून ओरडत होतो. त्याच जागी तिची मान माझ्याकडे वळायची, मानेमागून खांदा, आणि मग डावा पाय बाहेर. चारही वेळा.

मी मानायला तयार नव्हतो. दुसऱ्या दिवशी त्याच खुणांवर स्टँड ठेवून मला भिंतीमागे उभं केलं आणि ती दोनदा धावली. दोन्ही वेळा मान सरळ, पाय सरळ.

चाचणीच्या सकाळी ती म्हणाली, "काका, तुम्ही आत येऊ नका."

"अगं, मी शिकवलंय तुला."

"म्हणूनच."

मी कंपाउंडबाहेर तोंडात मूठभर चणे कोंबून उभा राहिलो. बार ऐकला, घड्याळ दाबलं, आणि पुढे बघायला समोर फक्त भिंत. ते घड्याळ बंद कधी करायचं, तेही कळेना. नोकरी लागली, हे मला कॅमेरा घेऊन आत गेलेल्या जॉनीने गेटवर येऊन सांगितलं. हौसेने त्याने शर्यतही टिपली होती.

ती टेप मी अजून बघतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत सुलक्षणाचा चेहरा. पाय कसे पडले, देव जाणे. मान मात्र एकदाही वळलेली नाही.