वरच्या मजल्याचे सहा हजार

निकानोरने आयुष्यात बायकोवर किती प्रेम केलं ते मला ठाऊक नाही, पण तिच्यापायी झालेल्या जळफळाटातून त्याने किती पैसे वाचवले, त्याचा हिशेब मी सांगू शकते. माझं दुकान त्याच्या दारासमोरच आहे; रोजची दुकानवाली म्हणून तो मला कासेरा म्हणतो. साखर, तेल, मेणबत्त्या, सगळं माझ्या फळीवरून त्या घरात जातं. कोण काय नेतं यावरून घरात काय शिजतंय ते कळायला मला खिडकीत उभं राहावं लागत नाही. तरी मी राहते.

बँकेत डॉलर सुखासुखी मिळायचा तेव्हाची ही गोष्ट. निकानोर पाणीखात्यात मीटर वाचायचा. निवृत्त झाला आणि पेन्शन सुरू झाली, ती महिना संपायच्या आत संपणारी. म्हणून सकाळच्या वेळी कांचा बाजारात एक टपरी भाड्याने घेऊन तो कुकर दुरुस्त करायचा. तोमासा घरी बसून बायकांच्या घागऱ्यांना चुण्या घालून द्यायची. दोघांचं खाणंपिणं त्यात भागायचं. भागत नव्हतं ते वरच्या मजल्याचं.

वरच्या दोन खोल्या त्यांनी अंतिक्रेतिकोवर दिल्या होत्या. म्हणजे भाडं घ्यायचं नाही. राहणाऱ्याने सहा हजार डॉलर एकरकमी मालकाच्या हातावर ठेवायचे, दोन वर्षं फुकट राहायचं, आणि मुदत भरली की मालकाने सहाच्या सहा हजार परत करायचे. नाही केले तर राहणारा हलत नाही, आणि कायदाही त्याला हलवत नाही. निकानोरचे पहिले सहा हजार मुलीला स्पेनला पाठवण्यात गेले. तेव्हापासून नव्याचे पैसे घ्यायचे आणि जुन्याला द्यायचे, असं चाललं होतं. चार कुटुंबं वर राहून गेली. कर्ज तेच, फक्त जिन्यावरची पावलं बदलायची.

तोमासाला हे एकदाचं संपवायचं होतं. स्वतःचे सहा हजार उभे करू, देणं फेडू, मग खोल्या साध्या भाड्याने देऊ, म्हणजे हात थकले तरी महिन्याला काहीतरी येत राहील, असं तिचं गणित. निकानोर मान डोलवायचा आणि शुक्रवार आला की मित्रांबरोबर चिचा, म्हणजे मक्याची दारू, प्यायला जायचा. तिथे पितळी बेडकाच्या तोंडात चकत्या टाकायचा खेळ असतो. त्यात तो हरायचा, आणि हरल्यावर सगळ्यांचे प्याले त्याच्या खात्यावर.

मग पाचवा आला, एलियोदोरो वाकाफ्लोर. तारिहाकडचा, बँकेतून निवृत्त झालेला रोखपाल, विधुर. बोलणं गाण्यासारखं लांबवणारा, त्या प्रांतातले सगळे बोलतात तसं. रोज दाढी, कानामागे अत्तर, आणि नोटा अशा मोजायचा की ऐकत राहावं. तोमासाने पहिल्या रविवारी शेंगदाण्याचं सूप वर पाठवलं, नव्या माणसाला पाठवतात तसं. वाडगा परत आला तेव्हा त्यात अंजिरं होती. पुढच्या रविवारी पुन्हा सूप गेलं, वाडग्यातून तुळशीची जुडी आली. शिवाय तो तिला लाडाने तोमासिता म्हणायला लागला.

निकानोर दुकानात येऊन काउंटरवर कोपर टेकायचा.

"वरच्याने आज काय नेलं?"

"दोन अंडी आणि एक ब्लेड."

"ब्लेड? मंगळवारी?"

मंगळवारी केस वाढत नाहीत का, असं मी विचारलं. तो हसला नाही. तुळस कुणाच्या बागेतली, अंजिरं किलोला काय भाव पडतात, तारिहाची माणसं पहिल्यापासून अशीच गोडबोली असतात का, असं बरंच काही त्याने विचारलं. जाताना मात्र पाव घ्यायला विसरला.

त्या रात्री त्यांचं भांडण झालं. सकाळी तोमासा स्वतःच मला सांगत होती. त्या माणसाला बाहेर काढ, असं निकानोर म्हणाला. तिने सुईत दोरा ओवता ओवता उत्तर दिलं, "काढ ना. मी कुठे अडवलंय? त्याचे सहा हजार त्याच्या हातावर ठेव आणि काढ."

बाई काय बोलून गेली हे तिला तेव्हा कळलं होतं की नाही, देव जाणे. पण इतकी वर्षं समजावून जे झालं नाही, ते त्या एका वाक्याने झालं. पहिला शुक्रवार चुकला. मित्र त्याच्या दारावर थाप मारून गेले, हा आतून म्हणाला, पोट बिघडलंय. पोट पुढच्या शुक्रवारीही बिघडलेलं होतं. चिचावाल्या बाईने माझ्याकडे चौकशी केली, माणूस जिवंत आहे ना. मग त्याने मोटरसायकल विकली. बिड्या सोडल्या. कॉफीत दोन चमचे साखर घ्यायचा, ती एकावर आली. हे मला माझ्या साखरेच्या पोत्यावरून कळलं. बटाटे शेवटच्या बसच्या वेळी, पडेल भावात आणायचे हेही त्याला सुचलं. तोमासा महिन्याच्या महिन्याला पैसे बँकेत नेऊन डॉलर करून ठेवू लागली. ती खुश होती, आणि तिची खुशी बघून तो आणखी जळत होता. बाई एवढी गाणी गुणगुणते कशाला?

एकच अडचण होती. जास्त कमवायचं तर दुपारीही टपरीवर बसायला हवं, आणि दुपारी टपरीवर बसलं तर घरात खाली तोमासा, वर एलियोदोरो, आणि मध्ये फक्त जिना. महिनाभर तो बिचारा दोन्हीकडे अर्धा अर्धा राहिला. कुकरची शिट्टी बसवताना त्याचं चित्त घरी, आणि घरी आल्यावर टपरीत. शेवटी त्याने टपरी सोडून दिली आणि पाना, रबरं, झाकणं सगळं आणून आपल्याच अंगणात मांडलं, नेमकं जिन्याच्या पहिल्या पायरीशी. वर जाणारं किंवा खाली येणारं मांजरसुद्धा त्याच्या गुडघ्याला घासून जायचं. टपरीचं भाडं वाचलं, महिन्याला साडेतीनशे बोलिव्हियानो. आणि गल्लीतल्या बायकांना कांचापर्यंत जायला नको, म्हणून गिऱ्हाईकही वाढलं. मत्सरातून इतका नफा काढलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

एलियोदोरो जाता-येता हॅट उचलून म्हणायचा, "मेहनती माणूस आहात बुवा तुम्ही." निकानोर खाली मान घालून झाकण घासायचा.

असं करता करता दुसरं कार्निव्हल आलं. मुदत भरायला आता दोनच महिने, आणि पाच हजारांच्या वर जमले होते. राहिलेल्याची घाई नाही, असं एलियोदोरोने तोमासाला सांगून ठेवलं होतं. सावकाश द्या, मी कुठे पळतोय. तो पळत नाही हेच तर निकानोरचं दुखणं.

कार्निव्हलच्या आधीच्या गुरुवारी तारिहाकडे एक रीत आहे. ज्या बाईबद्दल आपुलकी वाटते तिला टोपली पाठवायची. केक, पीच, द्राक्षं, फुलं, वर कागदी पताका. तिने टोपली ठेवून घेतली की ती पाठवणाऱ्याची कोमाद्रे झाली, म्हणजे मानलेली बहीण, जन्मभरासाठी. एलियोदोरोने सकाळीच ती टोपली जिन्यावरून खाली आणली, इस्त्रीचा सदरा घालून. तोमासा बाजारात गेली होती. अंगणात निकानोर एकटाच.

मी समोरून सगळं पाहत होते. एलियोदोरोने रीत समजावून सांगितली, अगदी लांबवून, हातातली टोपली सांभाळत. निकानोरने फुलांकडे पाहिलं, केककडे पाहिलं.

"माझ्या बायकोला भाऊ आहेत," तो म्हणाला. "चार आहेत. पाचवा नको."

एलियोदोरोने कलंडलेली पताका सरळ केली. मग टोपली घेऊन वर गेला. हॅट उचलली नाही.

आमच्याकडे कोणी कोम्पाद्रे, म्हणजे मानलेला भाऊ, व्हायला आला आणि त्याला दारातून परत पाठवलं, तर ते थोबाडीत मारण्यापेक्षा वाईट. पण मला दुसरंच वाटत होतं. टोपली ठेवून घेतली असती तर ती त्याची बहीण झाली असती, आणि कोमाद्रेकडे वाकड्या नजरेने पाहणाऱ्याला गल्ली उभं करत नाही. दोन वर्षांची निकानोरची राखण एका केकमध्ये फिटली असती. त्याने टोपली परत करून तिला मोकळी ठेवली, आणि वर स्वतःच्या कर्तबगारीवर खुश होऊन मला पाव मागायला आला.

तोमासा बाजारातून आली, तिला कळलं. ती ओरडली नाही. त्या रविवारी सूप केलं नाही, एवढंच.

सोमवारी एलियोदोरोने निरोप दिला. मुदतीच्या दिवशी पूर्ण रक्कम हवी, एक डॉलर कमी नको. कमी असेल तर मी इथेच राहीन. सातशे कमी पडत होते. निकानोरने रात्री जागून कुकर दुरुस्त केले, चिचाच्या मित्रांकडे मागितले, ते म्हणाले आमचंच पोट बिघडलंय. मुदत उद्यावर आली तेव्हा त्याने माझ्याकडे विचारलं. घाऊकवाल्याचं देणं माझ्याच डोक्यावर होतं. मी नाही म्हटलं.

त्याच संध्याकाळी तोमासाने कानातले काढले. आईकडून आलेले, मोत्यांचे, सोन्याचे, सणालाच घालायची ते. सराफाकडून येऊन तिने नोटा टेबलावर ठेवल्या. निकानोर मला सांगत होता तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. "बघ कासेरा, तिलाही तो गेलेलाच हवाय. कानातलं विकलं बाईने."

मी म्हटलं, हो रे बाबा. तिने विकलं हे खरं. आपल्या घरात ज्याचा अपमान झाला, त्याला आपल्याच पैशांची वाट पाहत एक दिवसही बसायला लागू नये, म्हणूनही बाई कानातलं विकते. पण ते मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी एलियोदोरोने साठ नोटा मोजल्या, शंभर-शंभरच्या, तेवढ्याच सुरात. सही केली. तोमासाशी हात मिळवला. दहा वर्षांत पहिल्यांदा त्या घरावर कोणाचं एक सेंटाव्हो देणं राहिलं नाही. निकानोरने दारात बिअरची बाटली फोडून रीतीप्रमाणे आधी जमिनीला पाजली, मग आम्हाला.

महिन्याभरात वर दोन नर्स मुली राहायला आल्या. महिन्याच्या एक तारखेला भाडं. तोमासाचं गणित बरोबर निघालं.

आणि एलियोदोरो कुठे गेला? त्याला खोली हवी होती, मला घाऊकवाल्याचं तोंड बंद करायचं होतं. माझ्या दुकानामागच्या दोन खोल्या रिकाम्याच होत्या. तेच सहा हजार आता माझ्याकडे आले, आणि आता देणं माझ्या डोक्यावर. माणूस मला सेफेरिनिता म्हणतो. म्हणू दे, त्याला काही पैसे पडत नाहीत.

दोन आठवडे गेल्यावर निकानोर आला. हल्ली तो हातात कागद घेऊन हिशेब करतो, सवय लागली ती लागली. म्हणाला, घरात साखर येतेय ती कोपऱ्यावरच्या दुकानातून. किलोला वीस सेंटाव्हो जास्त. तेलही तिथलंच. तोमासाला विचारलं तर म्हणते, पायांना चालणं बरं.

"तुझ्याशी काही भांडली का ती?"

मी तराजू पुसत राहिले. तोमासा माझ्याशी भांडली नव्हती. ती माझ्या दारावरून जात होती, मान सरळ ठेवून, साखरेची पिशवी माझ्या बाजूच्या हातात नाही, पलीकडच्या हातात.

"माझ्या साखरेत मुंग्या झाल्या होत्या," मी म्हटलं.

मागच्या खोलीत एलियोदोरो काहीतरी गुणगुणत होता. निकानोर ऐकत उभा राहिला, बराच वेळ. माझ्या पोत्यात एक मुंगी नव्हती, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ते पोतं उघडं होतं. त्याने हातातल्या कागदाची घडी घातली, अजून एक घातली, आणि खिशात ठेवला.

"आणू दे कोपऱ्यावरून," तो म्हणाला. "आता परवडतं."