दुसरं टोक

डगचा फोन आला तेव्हा एनिड हीथकोट ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाच्या पोळ्या, भाजत होती. गाडी रस्त्यात बंद पडली, आज काही येणं होत नाही, असं तो म्हणाला. एनिडनं फोन ठेवला आणि उलथनं असं आपटलं की पलीकडे खिडकीशी बसलेला तिचा नवरा रोलंड दचकला.

"क... काय झालं?"

"तुझा दोस्त डग नाही येत. आयुष्यभर गाड्या दुरुस्त करत हिंडला आणि ऐन वेळी स्वतःचीच बंद पाडली मेल्यानं."

रोलंडनं तोंड खिडकीकडे फिरवलं. नोव्हेंबरमध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच पडून राहायचा. शब्दही उशिरा यायचे. पण तो बोलत नव्हता ते त्यामुळे नव्हे, हे एनिडला पक्कं ठाऊक होतं. माणूस रुसला होता. कुणावर, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

दुपारी मॅक्लसफील्डहून पार्जिटर नावाचा गृहस्थ गाडी बघायला यायचा होता. रोलंडनं स्वतःच्या हातानं बांधलेली गाडी. आमच्या लीक गावात असल्या गाडीचं कुणाला नवल नाही. दर चार गल्ल्यांत एखाद्या गॅरेजमध्ये कुणीतरी खोक्यांतून आलेले सुटे भाग जोडत बसलेला असतोच, आणि त्याची बायको कपाळाला हात लावून बसलेली असते. रोलंडनं ठोकलेल्या जुन्या फोर्डचं इंजिन घेतलं, लोखंडी सांगाडा घेतला, वरून हिरवं फायबरचं अंग चढवलं. नऊ वर्षं लागली. त्यानंतरची वीस वर्षं तो ती उघडतोय आणि मिटतोय.

आणि आता विकायला काढली होती.

"पुढचं अंग उतरवायला दोन माणसं लागतात," एवढंच कारण त्यानं दिलं होतं. "या घरात आता दीडच आहे."

गाडी त्याची. नको विकूस म्हणायचा एनिडला काय अधिकार, ती तर वीस वर्षं त्या गाडीला शिव्या घालत आलेली. पण तिला आतून भीती वाटत होती. गॅरेजच्या दाराकडे बघताना तेवढे त्याचे डोळे जागे व्हायचे. गाडी गेली की हा खुर्चीतून उठायचाच नाही, आणि मग हळूहळू हाही जाईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

पार्जिटरनं फोनवर बजावलं होतं की पाणी कुठून गळतंय ते मला आतून बघायचंय, पुढचं अंग काढून ठेवा. म्हणजे ते आज निघायलाच हवं होतं, आणि दुसरा माणूस म्हणून यायचा होता तो डगच.

"मी बघते," एनिड म्हणाली.

"ए... एकटी? नको." रोलंड खुर्चीत जरा पुढे सरकला. "नको म्हणतो ना. राहू दे."

"का? मला हात नाहीत?"

ॲप्रन अंगावर तसाच ठेवून ती गॅरेजमध्ये गेली.

आता या कामातलं तिचं ज्ञान किती, तर एका टोकाचं. वीस वर्षं तेच चाललं होतं. पोळी तव्यावर असो की केस धुतलेले असोत, गॅरेजमधून हाक यायची, "एनिड, दुसरं टोक!" ही तणतणत जायची. तोवर रोलंडची गाडीखालची सगळी खुडबूड झालेली असायची. मग तो उजवीकडून, ही डावीकडून, असं ते भलंमोठं अंग, दोन्ही चाकांवरचे फुगवटे आणि दिव्यांसकट, अलगद उचलून बाहेर हिरवळीवर जुन्या रजयांवर ठेवायचं. उलटं चालताना तिचं सगळं लक्ष आपल्या चपलांकडे. अंगाखाली काय दडलंय ते बघायला फुरसत कुणाला होती?

समोरच्या काचेजवळ दोन्ही बाजूंना एकेक खटका. तेवढा तिला माहीत होता. तिनं डावा उघडला, वळसा घालून उजवा उघडला. वजनाचा अंदाज घ्यावा म्हणून काचेजवळच्या कडेखाली बोटं घातली, तोंडानं "हे देवा, माझी कंबर," म्हणाली आणि उचललं.

ते वर आलं. नुसतं आलं नाही, येतच राहिलं. एखाद्या पेटीचं झाकण उघडावं तसं पुढच्या नाकावर टेकून ते अख्खं अंग कलत कलत उभं राहायला लागलं. एनिडची बोबडी वळली. आणि तेवढ्यात तिला आठवलं की दिव्यांची वायर काढायची राहिली. रोलंड दर वेळी बोंबलायचा, "वायर! आधी वायर!" आता तुटली, मेलं, सगळं तुटलं. तिनं डोळे मिटून घेतले.

काहीच तुटलं नाही.

डोळे उघडले तर वायरीचा एक ऐसपैस वेढा कुणीतरी मुद्दाम सोडून ठेवलेला. अंग पूर्ण वर आलं तरी वेढा ताणला गेला नव्हता. आणि वजन? तिच्या एका तळव्यावर ते उभं होतं. एका हातावर, हिच्या!

पण धरून किती वेळ ठेवणार? तिनं इकडंतिकडं पाहिलं. भिंतीवर, हात लांब केला की पुरेल अशा बरोबर जागी, झाडूचा एक दांडा टांगलेला होता. टोकाला रबर. वीस वर्षं तिला वाटत होतं, ती वरची खिडकी उघडायची काठी. तिनं काठी काढली, रबराचं टोक अंगाच्या आतल्या बाजूला लावलं, तर ते तिथं बसवलेल्या छोट्या वाटीत टुपकन जाऊन बसलं. दुसरं टोक सांगाड्यावरच्या खाचेत.

मग एनिडच्या ध्यानात आलं की या गॅरेजला खिडकीच नाही.

ती वाकली. खाली, नाकाच्या दोन्ही कोपऱ्यांत, दोन बिजागऱ्या होत्या. त्यांत बोटाएवढ्या जाड खिळी. रोलंड आधी गाडीखाली शिरून करायचा ती खुडबूड हीच. खिळी काढल्या की अंग मोकळं होणार आणि उचलायला दोन माणसं लागणार. खिळी राहू दिल्या तर एक पोरदेखील उघडेल. बिजागऱ्यांवर ताजं ग्रीस होतं. लोखंड घासून घासून चांदीसारखं झालेलं. म्हणजे ही गाडी अशी, एकट्यानं, शेकडो वेळा उघडली गेली होती.

संतापावं की काय करावं ते तिला कळेना. आणि संताप यायच्या आधीच तिचं लक्ष आत गेलं.

बाई गं! हे सगळं इथं होतं?

तांब्याच्या बारीक नळ्या सांगाड्याच्या कडेकडेनं गेल्या होत्या, प्रत्येक वळण दुसऱ्या वळणाच्या अगदी जोडीचं. कुठं घाई नाही, कुठं तडजोड नाही. वायरी वेणी घालावी तशा बांधलेल्या. चाकं धरणारे लोखंडी हात पिवळसर साईच्या रंगाचे होते, आणि तो रंग तिनं ओळखला. स्वयंपाकघराच्या कपाटांचा! डबा अर्धा कुठं गेला म्हणून तिनं तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. इथं, जिथं कुणाची नजर पडणार नाही, तिथं त्यानं तो तीन तीन हात देऊन लावला होता. एका जागी कळकटपणा म्हणून नव्हता. ज्या माणसाचे मोजे ती आयुष्यभर पलंगाखालून काढत आली, त्या माणसानं हे केलं होतं. एनिड गुडघ्यांवर बसली. इतकी वर्षं मी या माणसाच्या शेजारी झोपले आणि मला याचा पत्ता नाही, असं तिच्या मनात आलं, आणि तिचे डोळे भरून आले.

मागे काठीचा ठक ठक आवाज झाला. रोलंड पाय ओढत दारापर्यंत आला होता. उघडलेलं अंग, लावलेला दांडा, गुडघ्यांवर बसलेली बायको, एवढं पाहून त्याचा चेहरा चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा झाला.

"रोलंड हीथकोट," डोळे पुसत एनिड म्हणाली, "लबाडा."

"मी... न... नको म्हटलं होतं."

"कधीपासून उघडते ही अशी?"

"पहिल्या... दिवसापासून."

"आणि मला पोळी टाकून यायला लावायचास! केस ओले घेऊन! माझी कंबर गेली त्यात, नालायका!"

तो हसला. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा, आणि तेही अर्ध्याच तोंडानं.

"तू चिडून... यायचीस. चिडलीस की... बोलायचीस. मग टायरवर... बसून चहा."

एनिडनं टायरकडे पाहिलं. खरंच की. उचलून झालं की दोघं इथंच चहा प्यायची, ती त्या कोपऱ्यातल्या टायरवर, तो उपड्या बादलीवर. घरात टीव्हीसमोर दोघांची तोंडं मिटलेली असत. पण मुलगी न्यूझीलंडला जाणार हे त्यांनी इथं सोसलं होतं. नोकरी होती ती गिरणी बंद झाली तेव्हा तो तिला इथंच म्हणाला होता की मला भीती वाटते. घरात असं वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नाही.

"मग विकतोस कशाला रे? डाव्या हातानंसुद्धा उघडेल."

"उघडेल." त्यानं निर्जीव उजव्या हाताकडे पाहिलं. "पण हाक... कशाला मारू? माझं टोक... आता कोण धरणार?"

बाहेर गल्लीत मोटार थांबल्याचा आवाज आला. पार्जिटर वेळेआधी आला होता.

एनिड उठली. तिनं दांडा काढून जागच्या जागी टांगला आणि अंग खाली घेतलं. कोपऱ्यातल्या रजया आणून गाडीच्या अगदी नाकासमोर पसरल्या. वायर सोडवली. मग साठी उलटलेली ती बाई ॲप्रनसकट फरशीवर आडवी झाली, गाडीखाली शिरली आणि दोन्ही खिळी ओढून काढल्या. धूळ झटकत ती डाव्या बाजूला, आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

"रोलंड!" ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. "दुसरं टोक!"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. काठी भिंतीला लावली. खांदा गाडीला टेकवत टेकवत तो आपल्या बाजूला पोचला आणि डावा हात कडेखाली घातला.

अंग वाकडंतिकडं उठलं. एनिडनं जास्तीचा भार ओढून घेतला, रोलंडनं कमरेचा टेकू दिला, दोघांच्या तोंडून शिव्या निघाल्या. दारात पार्जिटर आ वासून उभा होता.

"अहो, थांबा, थांबा! मी धरतो."

"हात लावू नका!" एनिड धापा टाकत म्हणाली. "याला दीडच माणूस लागतो."

ते एकदाचं रजयांवर टेकलं. रोलंडला घाम फुटला होता. एनिडनं उपडी बादली पायानं त्याच्याकडे सरकवली. तो बसला, आणि आतल्या नळ्यांकडे बघत म्हणाला, "ती र... रबरी नळी गेलीय. बदलू."

"काय हो," पार्जिटरनं विचारलं, "गाडी विकायची आहे ना?"

एनिड टायरवर जाऊन बसली.

"पार्जिटरसाहेब," ती म्हणाली, "आत ओट्यावर किटली आहे. तेवढा तीन कप चहा टाकाल का? आम्हाला जरा बोलायचंय."