श्वासाचा पत्ता

आई गेली तरी तिच्या खाटेच्या डोक्याशी भिंतीला लावलेली डबी बाबांनी काढू दिली नाही. मी वाद घातला नाही. माणूस गेल्यावर कुणी चष्मा ठेवतं, कुणी चपला ठेवतं. बाबांनी डबी ठेवली असेल, असं मला वाटलं.

डबी आमच्या कंपनीची. तळहाताएवढी, पांढरी, पुढे एक हिरवा दिवा. खाटेवरच्या माणसाची छाती हलते का, हे ती लांबूनच पाहते. हलत असली की दिवा श्वासाबरोबर हळूहळू उजळतो आणि हळूहळू मंदावतो. खाट रिकामी असली की दिवा बंद. आणि खाटेवर माणूस असून छाती हलेनाशी झाली, की डबी बोंब ठोकते. आईच्या फुप्फुसांनी संप पुकारल्यावर मी नव्या बॅचमधली पहिलीच डबी घरी आणून भिंतीला ठोकली होती. "तुझ्या नोकरीचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा," आई म्हणाली होती. कौतुक करायची तिची हीच पद्धत.

बाबा कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीत. त्या दिवशी केला, तेव्हा मी जागेवरून उठूनच घेतला.

"येऊन जाशील का जरा?" ते म्हणाले. "घाई नाही. पण आजच ये."

"बरं नाही का तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय. तुझ्या आईचा दिवा लागलेला असतो. तू बघावास असं वाटलं."

आमचं घर म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाबांचं शिलाई मशीन. हात थरथरू लागल्यापासून ते कपडे शिवत नाहीत, पण मशीनला तेल मात्र न चुकता घालतात. आतल्या खोलीत आईची खाट. मी पोचले तेव्हा भर दुपारी पडदे ओढलेले होते. बाबांनी ओठांवर बोट ठेवून मला चपला हळू काढायला सांगितलं.

खाट रिकामी होती. चादरीला एक सुरकुती नव्हती, शिंप्याच्याच हातची ती. आणि वर भिंतीवर दिवा उजळत होता, थांबत होता, मंदावत होता, पुन्हा उजळत होता. आईसारखाच, श्वास सोडताना जरा जास्त वेळ लावत.

मी सवयीने खाटेच्या कडेला टेकायला गेले.

"तिथे नको," बाबा म्हणाले. "पाय आहेत तिचे."

मी उभीच राहिले. "कधीपासून चालू आहे हा?"

"बंद कधी झाला होता?" त्यांनी मलाच विचारलं. "त्या दिवशी औषध आणायला गेलो तेव्हा चालू होता. चालू होता म्हणून तर निवांत गेलो. आलो तेव्हाही चालू होता."

ही हकीकत भेटायला आलेल्या प्रत्येकाने ऐकली होती. बाबा खाली गेले, औषधवाल्याशी जरा बोलत थांबले, वर आले. दिवा श्वास घेत होता. ते आईचा हात हातात घेऊन बसले, आणि का कोण जाणे, आयुष्यभर जे बोलले नव्हते ते सगळं बोलले. काय बोलले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बरंच बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हात फारच गार आहे. "माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग गेली," असं ते सांगत. सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की येणाऱ्यांना सांत्वन करायचं कारणच उरायचं नाही.

"आता तर गेलीच नाहीये ती," बाबा हळू आवाजात म्हणाले. "थांब, दाखवतो. चहा ठेवतो."

ते कोपऱ्यातल्या विजेच्या किटलीपाशी गेले. बटण दाबल्याचा आवाज आला आणि दिवा दचकला. उजळणं-मंदावणं एकदम भरभर सुरू झालं.

"बघितलंस? चहा म्हटला की तिला धीर धरवत नाही."

शिकलीसवरलेली मी, पोटापाण्यासाठी असलीच यंत्रं बनवते. आणि मी त्या रिकाम्या खाटेकडे बघून "आई" अशी हाक मारली. हो, मारली. भीती वाटत होती, आणि ती भीती सोडवत नव्हती.

किटली बंद झाली. दिवा पुन्हा संथ झाला. तेवढ्यात माझ्यातली पगारी बाई जागी झाली.

"बाबा, आणखी एक कप चहा करता? पण गॅसवर."

"गॅसवर कशाला?"

"करा ना."

गॅसवर आधण उकळलं, आल्याचा वास खोलीभर पसरला. दिवा ढिम्म. आपल्या संथ लयीत चालू. चहा कशावर होतोय याच्याशी आईला आयुष्यात कधी देणंघेणं नव्हतं. विजेशी देणंघेणं होतं ते डबीला. चहा मुकाट्याने प्यायले आणि तडक ऑफिस गाठलं.

नव्या बॅचच्या उरलेल्या डब्या आमच्या सामानाच्या खोलीत एका फळीवर ओळीने ठेवलेल्या असतात. बॅटऱ्या भरायला म्हणून मी सगळ्यांना वीज जोडली आणि समोर स्टूल घेऊन बसले. समोर भिंत, माझ्या पाठीशी दार, खाट कुठेच नाही. बराच वेळ सगळं अंधारलेलं. मग एका डबीचा दिवा उजळला, मंदावला. थोड्या वेळाने शेजारचीचा. मग पलीकडच्या दोघींचा. एकेकीची बॅटरी भरत गेली तशी एकेक जागी होत गेली, आणि शेवटी अख्खी फळी त्या कोंदट खोलीत श्वास घेऊ लागली. मला बाहेर पळून जावंसं वाटलं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. अशा डबीत कर्नल नावाचा कारभारी असतो. सगळा कारभार त्याच्या हातात, पण तो आंधळा. आपल्याच सर्किट बोर्डावर काय काय आहे, हे त्याला दिसत नाही. म्हणून त्याला आधी वर्णन लिहून द्यावं लागतं: अमुक तारेवर, अमुक पत्त्यावर, श्वास बघणारी चिप राहते. आम्ही त्याला डिव्हाइस ट्री म्हणतो. कर्नल त्या पत्त्यावर जाऊन हाक मारतो, आतून कुणीतरी ओ देतं, की झालं. ओ देणाऱ्याला 'तू नक्की कोण?' असं विचारायची सोय असते. हाक मारणाऱ्या आमच्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, ती ओळ कुणी घातलीच नव्हती.

आणि पहिल्यापासून नवं वर्णन आमच्यात कुणी लिहीत नाही. आधीच्या बोर्डाचं उचलायचं आणि बदललं असेल तेवढं खोडायचं. मी लिहिलं असतं तर मीही तेच केलं असतं. या बोर्डाचं वर्णन ज्याने लिहिलं तो केव्हाच दुसरी नोकरी धरून गेला होता. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातली गत.

मी बोर्ड आखणाऱ्याला त्या खोलीत बोलावून आणलं. त्याला आम्ही सगळे वजाबाकी म्हणतो, कारण प्रत्येक नव्या बोर्डातून तो काही ना काही वजा करून दाखवतो.

"श्वासाची चिप कुठे बसवलीस?" मी विचारलं.

"दुसऱ्या तारेवर. जागा वाचली ना."

"आणि तिच्या जुन्या पत्त्यावर कोण आहे?"

तो फळीवरच्या दिव्यांकडे बघत राहिला. "चार्जर," शेवटी म्हणाला. "बॅटरी भरली की तो घोट घोट वीज देतो. थांबतो, देतो, थांबतो."

"आणि कर्नल त्याला श्वास समजतो. शेजारी किटलीने वीज ओढली की घोट भरभर."

"वर्णन लिहिणाऱ्याला मी सांगितलं होतं," वजाबाकी म्हणाला. "चहा पिताना सांगितलं होतं, चिप हलवलीय म्हणून."

"तो तेव्हा राजीनामा खिशात घेऊन चहा पीत होता."

"पण तपासणी झाली होती ना?"

झाली होती तर. खाटेवर माणूस झोपवला, दिवा उजळला, मंदावला, साहेबांनी पेढ्याऐवजी बिस्किटं वाटली. रिकाम्या खाटेची तपासणी जुन्या बोर्डावर उरकली होती. नवा बोर्ड म्हणजे तोच तर, फक्त स्वस्त, म्हणून ती पुन्हा करायची कुणाला गरज वाटली नाही.

आणि खरी चिप? ती बोर्डावर होती. वीज मिळत होती, तिचं काम चालू होतं. आईची छाती ती शेवटपर्यंत बघत होती. ती हलायची थांबली तेही तिने पाहिलं असणार. तिला कुणी विचारलंच नाही, कारण तिचं नाव वर्णनात नव्हतं. हे मनात आलं आणि मला तिथल्या तिथे कुणाला तरी मारावंसं वाटलं. वजाबाकी समोर होता, पण तो बोटाने फळीवरच्या डब्या मोजत होता.

"या डब्या शेकडो घरांत गेल्यात," तो म्हणाला. "सगळ्या खाटांवर आजारी माणसं आहेत."

आम्ही वर्णन दुरुस्त केलं. दोन ओळींचं काम. साहेबांनी आधी कानांवर हात ठेवले, फळी बघितल्यावर मात्र त्यांनी स्वतःच घरांची यादी मागवली. सगळ्या घरांत फोन करून डबीवर विसंबू नका असं सांगायला माणसं बसवली, आणि दुरुस्ती इंटरनेटवरून सगळ्या डब्यांना सकाळी पाठवायचं ठरलं. सगळ्या डब्यांत आमच्या घरचीही आली. ती विझेल तेव्हा बाबा तिच्यासमोर एकटे बसलेले असतील, हे मला सहन होईना. मी दुरुस्ती लॅपटॉपवर घेतली आणि सकाळी सगळ्यांच्या आधी घरी गेले.

बाबांना सांगितलं. पत्ता, चार्जर, सगळं, त्यांना कळेल अशा भाषेत. ते मशीनवर हात ठेवून ऐकत होते.

"म्हणजे मी आलो तेव्हाचा दिवा..."

"त्या दिव्यावरून काहीच कळत नव्हतं, बाबा. तेव्हा ती असेलही, नसेलही."

"हात गार होता," ते म्हणाले. "आलो तेव्हाच गार होता. मी म्हटलं, हिचे हात बाराही महिने गारच." त्यांनी मशीनचं चाक हाताने अर्धं फिरवलं. "मग ऐकलं कुणी?"

मी रडत होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

"असा दिवा बघत आणखीही कुणी बसलं असेल," त्यांनी विचारलं.

"असतील. बरेच."

"मग करून टाक."

मी डबीला वायर लावली. नवं वर्णन आत गेलं, डबी बंद होऊन पुन्हा सुरू झाली. कर्नलने पहिल्यांदाच खऱ्या पत्त्यावर हाक मारली. खाटेवर कुणी नव्हतं. दिवा लागला नाही.

मी पडदे उघडायला गेले, तर बाबा म्हणाले, "थांब." त्यांनी चष्मा काढून मशीनवर ठेवला, आणि ज्या खाटेवर ते मला टेकू देत नव्हते तिच्यावर, आईच्या जागी, सावकाश आडवे झाले. चादरीला सुरकुत्या पडल्या.

"नीट चालतंय का बघ. पुन्हा कुणाच्या घरी असं नको."

दिवा उजळला, मंदावला. बाबांच्या छातीबरोबर, तंतोतंत.

"चालतंय," मी म्हणाले. "उठा आता."

"आणि वाजतं कसं? ते मी ऐकलंच नाही कधी."

"बाबा, नको."

"शिंप्याला श्वास धरायला शिकवू नकोस. जन्मभर सुईत दोरा ओवलाय."

त्यांनी डोळे मिटले आणि छाती थांबली. दिवा विझला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, ओठांचा रंग बघत होते, आणि हे आधीही कधीतरी असंच झालंय, याच खाटेवर, बघायला कुणी नसताना, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग डबी वाजली. कंपनीत तो आवाज मी हजारदा ऐकलाय. त्या दोन खोल्यांत तो कानठळ्या बसवत होता, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. बाबा श्वास घेईनात. मी त्यांचे खांदे धरून गदागदा हलवलं, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडून हवा ओढली. डबी गप्प झाली.

जिन्यात पावलं वाजली. खालचा औषधवाला दारात आला, धापा टाकत, हातात कुणाच्या तरी गोळ्यांची पाकिटं तशीच.

"काय झालं? कुणाला काय होतंय?"

"काही नाही," मी म्हणाले. "तपासत होतो."

बाबा खाटेवरून उठले नाहीत. "तुम्हाला खाली ऐकू आलं?" त्यांनी विचारलं.

"न ऐकू यायला काय झालं? गिऱ्हाईक तसंच सोडून पळत आलो."

"दुकानात? आत?"

"काउंटरपाशीच उभा होतो."

बाबांनी मान हलवली.

"मीही तिथेच उभा होतो," ते म्हणाले. "तुमच्याशी बोलत."