जाळीवरचं झबलं

पळसदरीच्या धरणाजवळ मुंबईच्या एका साहेबांचा बंगला आहे. त्याची राखण नंदा करते. बंगल्याच्या हॉलमध्ये गाणी ऐकायचा काळा अँप्लिफायर आहे आणि त्याचे लाड काही विचारू नका! दमट हवेने बिघडू नये म्हणून पावसाळ्यात तो रोज तासभर चालू ठेवायचा. गाणं लावलं नाही तरी तो तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर वीतभर जागा मोकळी ठेवायची. वरच्या जाळीवर काडीसुद्धा ठेवायची नाही. साहेबांनी हे चारदा बजावलं होतं.

पण दहा दिवस उन्हाचं नाव नव्हतं आणि सहा महिन्यांच्या हर्षलाचं एक झबलं वाळेल तर शपथ. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते खोटं नाही. नंदाने एकदा त्या उबदार जाळीवर झबलं पसरलं. पाव तासात कोरडं! मग ती रोज पसरायला लागली, पाव तास पुढ्यात बसून राहायची आणि उचलायची. बाहेरगावी कामाला असलेल्या नवऱ्यालासुद्धा तिने हे सांगितलं नाही.

त्या सकाळी ती खालापूरला निघाली होती. माहेर त्याच तालुक्यातलं, म्हणून तिचा जातीचा दाखला तिथल्याच कचेरीतून मिळायचा. बंगल्यामागची तिची खोली गळत होती, म्हणून तिने सासऱ्यांना, आबाजींना, हॉलमध्ये सतरंजीवर बसवलं. पक्षाघाताने त्यांचा डावा पाय गेलेला. बाहेरून कुलूप लावलं, हर्षलाला कडेवर घेतलं आणि रिक्षा पकडली.

साडेअकराला ती कचेरीच्या रांगेत उभी होती. पुढची बाई ओला पदर पिळत म्हणाली, "काय गं बाय, कपडं कशी वाळवता तुमी?"

नंदाला एकदम आठवलं. आठ वाजता तिने जाळीवर दोन झबली आणि दुपटं पसरलं होतं. उचललं नव्हतं. बटणही बंद केलं नव्हतं. आणि आत आबाजी होते, कुलपात.

रांग सोडून ती रस्त्यावर धावली. शेजारच्या बंगल्यावर रोहिदास राखणीला असतो. त्याला फोन केला तर तो खिडकी फोडून आत जाईल. पण मग साहेबांना सगळं कळेल, काम जाईल, खोली जाईल. ती फोन हातात धरून उभी राहिली. किती वेळ, ते तिला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. आपलीच तिला किळस आली. मग तिने फोन लावला, तर तो लागेना.

रिक्षावाल्याला ती म्हणाली, "दादा, जलदी चला, घरात म्हातारं माणूस हाय." वाटेत जिथे धूर दिसे, तिथे तिला आपलाच बंगला दिसे. हर्षला रडत होती, ते तिला ऐकूच येत नव्हतं.

बंगला उभा होता. कुलपात किल्ली शिरता शिरेना. दार उघडताच जळकट वास अंगावर आला.

आबाजी अँप्लिफायरच्या पुढ्यात जमिनीवर होते. खुरडत खुरडत तिथवर गेले होते. करपून तपकिरी झालेलं दुपटं आणि झबली त्यांनी खाली ओढून टाकली होती, उजव्या हाताच्या बोटांना फोड आले होते. भिंतीवरचं बटण मात्र जड कपाटामागे उंचावर होतं, तिथवर त्यांचा हात पोचत नव्हता. म्हणून ते एका जाड पुठ्ठ्याने त्या यंत्राला वारा घालत होते. घामाने न्हाले होते.

नंदाने कपाटामागे हात घालून बटण बंद केलं.

"आबा, बंद झाला. थांबा आता."

"नाय गं, अजून गरम हाय. थांबलो तर भडकंल."

"आबा, खिडकी तरी फोडायची! वरडायचं! रोहिदास आला आसता."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

"वरडलो आसतो तर साहेबाला कळलं आसतं, नंदे. मग तू पोरीला घेऊन कुटं गेली आसतीस?"

नंदा मटकन त्यांच्याशेजारी बसली. तिने त्यांचं मनगट धरलं. तिच्या मुठीतही तो हात वारा घालतच राहिला.