स्वच्छ पायांचे बारा गरीब

आमच्या चर्चमध्ये गरिबांचे पाय धुण्याआधी ते धुऊन घ्यायची पद्धत आहे. हसू नका. ही सुधारणा माझ्या मोठ्या जाऊबाईंनी केली, आणि त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष असल्यामुळे हिला सुधारणाच म्हणायचं असतं.

प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, म्हणून ईस्टरआधीच्या गुरुवारी आमचे फादर बारा गरिबांचे पाय धुतात. मग प्रत्येकाला मंडळातर्फे नवे कॅनव्हासचे बूट मिळतात. काही वर्षांपूर्वी एकाच्या टाचेच्या भेगा पाहून फादरांना म्हणे कसंसंच झालं. फादर तसं काही बोलले नव्हते. कसंसं जाऊबाईंना झालं होतं. तेव्हापासून चर्चमागच्या नळावर आधी निवड होते. जाऊबाई खुर्चीत, समोर गरीब आणि मी साबण घेऊन उभी. नखं बघायची, बोटांच्या बेचक्या बघायच्या. लेकीसाठी स्थळ बघतानाही बाईंनी एवढे नखरे केले नव्हते.

यंदा बाटल्या गोळा करणारी म्हातारी आली. कचऱ्याच्या ढिगावर अनवाणी फिरताना तिच्या तळव्यात काच घुसली होती आणि पाय टम्म सुजला होता.

"मला बूट दे गं," ती मला म्हणाली. "असं ढिगावर चढता येत नाही. नाही चढले तर खाऊ काय?"

"तुमचं पुढच्या वर्षी बघू हं, आजी," जाऊबाई गोड आवाजात म्हणाल्या. "पाय बरा झाला की या."

"बरा झाल्यावर तुमच्याकडे कशाला येऊ?"

जाऊबाईंना उलट बोलणारे गरीब चालत नाहीत. म्हातारीची रवानगी दाराशी झाली. मला संताप आला होता, पण एका घरात राहायचं तर तो धुतलेल्या भांड्यासारखा पालथा घालून ठेवावा लागतो.

संध्याकाळी ऐन वेळी निवडलेल्यांपैकी एक जण आलाच नाही. त्याला कुठेतरी ओझी उचलायचं काम मिळालं होतं.

"काय हा कृतघ्नपणा!" जाऊबाई फणफणल्या.

"वहिनी, म्हातारी बसलीय की दाराशी."

त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. भावजी दोन दुकानांचे मालक, पण बायकोपुढे गरीबच म्हणा. त्यांच्या अंगात चर्चच्या माळ्याचा सदरा चढवून त्यांना बाराव्या खुर्चीत बसवलं. ओळखलं सगळ्यांनीच, पण अध्यक्षांच्या यजमानांना ओळख कोण दाखवणार? एक फादर तेवढे खरंच फसले. चष्मा काढला की त्यांना समोरचा माणूस आहे की खांब, तेही कळत नाही. त्यांनी भक्तिभावाने भावजींचे गुबगुबीत पाय धुतले, पुसले, रीतीप्रमाणे पायांचं चुंबन घेतलं. भावजींना गुदगुल्या झाल्या. मंडळातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

मग बूट वाटले. भावजींनीही हात पुढे केला. लगेच पायात घालून वर म्हणतात कसे, "जरा घट्टच आहेत."

तिथे माझं डोकं फिरलं. घरी पुढे काय वाढून ठेवलंय ते स्पष्ट दिसत होतं, तरी मी तरातरा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"भावजी, काढा ते."

"अगं, प्रार्थना चाललीय!" जाऊबाईंनी दटावलं.

"चालू दे."

मी बूट घेतले, पाण्याची परात उचलली आणि दाराशी जाऊन म्हातारीपुढे फतकल मारली. इतक्या जणांचे पाय धुऊनही पाणी नितळ होतं. म्हातारीने पाय बुडवला आणि ते लालकाळं झालं. मी काच ओढली तशी तिने अशी सणसणीत शिवी हासडली, की प्रार्थना आपोआप थांबली.

फादर चष्मा चढवत धावत आले. त्यांनी तो पाय पाहिला, मग माळ्याच्या सदऱ्यात अनवाणी उभे असलेले भावजी पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

बूट छातीशी घट्ट धरून म्हातारी त्यांच्यावर खेकसली, "बघतोस काय बाबा? फडकं दे!"

फादर तिच्यासमोर खाली बसले. कमरेचा पांढराशुभ्र टॉवेल सोडून त्यांनी तो जखमेवर दाबून धरला.

"अहो फादर, तो डाग निघायचा नाही!" जाऊबाई कळवळून ओरडल्या.

निघू नयेच, असं मला अगदी मनापासून वाटलं.