महामार्गावरचा वीरगळ

सर्जेरावांनी संग्रहालय काढलं, तेव्हा त्यांच्याकडे एक मंगल कार्यालय, दोन क्रेन आणि खडी फोडायची यंत्रं होती. ज्ञान नव्हतं, पण त्यावाचून त्यांचं आयुष्यात कधीच अडलं नव्हतं. कुरकुंभच्या अलीकडे, सोलापूर रस्त्याला लागून, कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये त्यांनी गावोगावचे दगड, गंजक्या तलवारी आणि पितळी घंगाळं मांडली आणि मेहुण्याला संचालक केलं. मेहुणा त्याआधी लग्नात आचाऱ्यांवर देखरेख करायचा.

अशा ठिकाणी बुशराला काम करावं लागलं. बुशरा आमच्या शेजारच्या सुभानची मुलगी. सुभान शिरूर डेपोत ड्रायव्हर. मी शिरूरच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. लहानपणी ती तिथं येऊन शिल्पांची चित्रं असलेली जाड पुस्तकं मांडीवर घेऊन बसायची. २००३ साली ती पुण्यात कलेच्या इतिहासात एम.ए. करत होती. संग्रहालयात काम केल्याचा दाखला जोडल्याशिवाय पदवी मिळत नव्हती. पुण्यातल्या जागा ओळखीपाळखीच्या मुलांनी आधीच धरल्या होत्या. हिच्या वाट्याला मेहुणा आला.

संग्रहालयाचं मुख्य आकर्षण म्हणजे एक वीरगळ. लढाईत पडलेल्या माणसासाठी गावानं उभा केलेला दगड. वडगाव रासाईला भीमेच्या काठी तो शेंदूर ल्यालेला उभा होता. रस्त्याचं काम करताना सर्जेरावांनी क्रेन लावून तो उचलला, शेंदूर खरवडला आणि वरून चकचकीत वॉर्निश मारलं. दगडावर एकावर एक तीन चौकटी. खालच्या चौकटीत माणूस ढाल-तलवार घेऊन गाईंसाठी लढतोय. मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला दोन्ही हातांना धरून स्वर्गात नेतायत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. हा दगड खालून वर वाचतात, एवढंच त्यातलं शास्त्र.

मेहुण्यानं तो वरून खाली वाचला.

"पोरी, माणूस पेपर कुठनं वाचतो?" त्यानं बुशराला विचारलं.

"वरून."

"मंग?"

"हा पेपर नाही, मामा. वीरगळ खालून वाचतात."

"तुमच्या पुण्यात वाचत आसतील. हितं न्हाई." आणि तो जवळ येऊन म्हणाला, "दाखला पायजे ना? मंग पाटीवर हाय तेवढंच सांगायचं पाव्हण्यास्नी. एक शब्द जास्ती न्हाई, एक कमी न्हाई."

पाटी काळ्या ग्रॅनाइटची होती. तिच्यावर त्यानं कोरून घेतलं होतं: सर्जेरावांचे मूळपुरुष. प्रथम थोर शिवभक्त. नंतर नृत्यगायनाचे शौकीन. अखेरीस गाईंच्या प्रसंगात देहान्त. मूळपुरुष हे त्यानं कुठून आणलं, असं बुशरानं विचारलं. मेहुणा म्हणाला, "नाक बघ की. आपल्या सर्जेराव आबांचंच हाय."

रविवारी घरी आल्यावर तिनं मला हे सगळं सांगितलं. सल्ला मागायला आली असावी. मी आयुष्यात दिलेले सल्ले कुणी घेतले नाहीत, आणि ते बरंच झालं असं मला वाटतं. म्हणून मी तिला फक्त चहा दिला.

"सांगते मग पाटीवरचंच," ती म्हणाली. मला वाटलं, पोरगी नमली.

उद्घाटनाला मला 'ज्येष्ठ विचारवंत' म्हणून बोलावलं होतं. व्यासपीठावर एक खुर्ची मोकळी राहत होती, ती भरायला. मी पुस्तकं वाचली आहेत, पण त्यातलं काही समजलं असेल याची मला अजून खात्री नाही. तरी त्या दिवशी तिथं सर्वांत जास्त वाचलेला मीच होतो, यावरून व्यासपीठाची कल्पना यावी. प्रमुख पाहुणे उशिरा आले, हारांखालून जेमतेम दिसले आणि बुशरापुढे येऊन उभे राहिले.

"हं, सांग बाळ."

"हे सर्जेरावांचे मूळपुरुष," बुशरा दगडाच्या माथ्याकडे बोट करून म्हणाली. "आधी देवभक्त होते. मग पूजा सोडून दोन बायकांचे हात धरून नाचायला लागले. शेवटी गाईंच्या भानगडीत मार खाऊन मेले."

पाहुणे पोट धरून हसले. "काय सर्जेराव, घराण्यात जुनीच रीत दिसती!"

मागची सगळी मंडळी हसली. ती पाहुण्यांच्या मागोमाग जेवायलाही बसतात, रडायलाही बसतात. हसणं तर सोपंच.

सर्जेराव लाल झाले. "ए पोरी, कुणी शिकवलं तुला ह्ये?"

"पाटीवरचंच आहे, आबा, सोप्या मराठीत. मामा म्हणाले, एक शब्द जास्ती नाही, एक कमी नाही."

मेहुणा घंगाळाआड सरकला. मग बुशरानं तोच दगड खालून वर सांगितला: गाई, मरण, अप्सरा, कैलास. "आणि हा कुणाचा पूर्वज, ते दगडावर कुठंच नाही," तिनं शेवटी जोडलं. मी धीर करून माइकपाशी गेलो आणि म्हणालो, "मुलगी बरोबर सांगते आहे." माइकनं शिट्टी मारली. माझा आवाज बाहेर पडला की नाही, मला ठाऊक नाही. पाहुणे तोवर पंगतीला बसले होते.

जेवण झाल्यावर सर्जेराव दात कोरत दगडापुढे आले. बराच वेळ त्यांनी विचार केला. त्यांना तशी सवय नसल्यानं तो दिसत होता.

"खालनं वर चांगलं हाय," ते म्हणाले. "पर लोकं खालनं कशापायी वाचतील? माना मोडतील त्यांच्या. दगूडच उलटा करू. क्रेन हाय आपल्याकडं. बुशरा, तू हुबी राहून करून घे. आन् मूळपुरुष तसाच ठिवायचा. उद्या दाखला ने."

"आबा, सगळी माणसं डोक्यावर उभी राहतील."

"राहू दे की. दगडाला काय चक्कर येती?"

मेहुणा घंगाळाआडून बाहेर येऊन हसला. बुशरानं त्या दगडावर हात ठेवला. वॉर्निश अजून चिकट होतं.

"मी नाही करणार."

"मंग दाखला न्हाई."

"नको."

इतका छोटा शब्द. मी एवढ्या पुस्तकांत राहूनही कधी नीट उच्चारला नाही.

चौफुल्याला गाडी बदलून आम्ही न्हावऱ्यावरून शिरूरला आलो. वाटेत ती मला एवढंच म्हणाली, "वर्ष गेलं, आप्पा." घरी सुभाननं ऐकून घेतलं आणि जेवायचं ताट तिच्यापुढं सरकवलं. "जाऊ दे वर्स. रिव्हर्समंदी गाडी घालून शिरूर गाठता येत न्हाई."

पुढच्या वर्षी तिला पुण्यातल्या एका संग्रहालयात जागा मिळाली. तिथं तिनं नाणी पुसली, चिठ्ठ्या लिहिल्या आणि दाखला घेतला. पदवी वर्षानं उशिरा हातात पडली.

त्या हिवाळ्यात सुभानच्या नात्यातल्या लग्नाला आम्ही दौंडला गेलो. येताना गाडी रस्त्याकडेला चहाला थांबली, ती नेमकी सर्जेरावांच्या कार्यालयासमोर. बुशरा आणि मी आत डोकावलो. दगड उलटा उभा होता. गाई पाय वर करून चरत होत्या, अप्सरा खाली डोकं करून वीराला पाताळात नेत होत्या, चंद्र-सूर्य सिमेंटात गाडले गेले होते. खाली नवी पाटी, त्याच मूळपुरुषाची. मेहुणा एका शाळेच्या सहलीला काठीनं दाखवत होता, वरून खाली.

बुशरानं मान वाकडी करून त्या माणसाचा चेहरा शोधला.

"आप्पा," ती म्हणाली, "लढाईत पडला तेव्हासुद्धा हा इतका उलटा पडला नसेल."