नणंदेची सही

चिखलीच्या कॉलेजात परीक्षा विभागाच्या खिडकीशी मंजुश्री इंगळे अर्ज घेऊन उभी राहिली, पण हात जोडायला नव्हे. अर्थशास्त्राचा बुडालेला पेपर तिला पुन्हा द्यायचा होता.

त्या सकाळी शेजारच्या अश्विनी जाधवला अचानक कळा सुरू झाल्या आणि तिच्या घरात कोणीच नव्हतं. मंजुश्रीने परीक्षेला निघालेली जीप दवाखान्याकडे वळवली आणि नातेवाईक म्हणून ऑपरेशनच्या कागदावर सही ठोकली.

खिडकीतल्या बाबूंनी अर्ज आणि त्याला जोडलेली दवाखान्याच्या कागदाची नक्कल शेजारी शेजारी ठेवली. "दवाखान्यात नणंद, अर्जात शेजारीण. आडनावही वेगळं. यातलं खोटं कोणतं?"

"कोणतंच नाही, साहेब. माह्या जन्मापासून तिच्या सासरच्या शेजारी राह्यतो. मी तिले वैनी म्हणते, मंग नणंदच झाली ना?"

बाबूंना हसू आलं. त्यांनी पेन पुढे केला. "पुन्हा पेपर द्यायची सवलत घरच्या माणसासाठी अडलं तरच असते. अर्जातही नणंद लिही, काम होऊन जाईल."

मंजुश्रीने पेनाला हात लावला नाही.

"नणंद मी वैनीसाठी झाली, साहेब. पेपरासाठी नाही व्हायची. शेजारीणच राहू द्या आन् जो मारायचा तो शिक्का मारा."